'ट्रस्ट' दाबण्याआधी

भिलाई-३ मधल्या एखाद्या कार्यालयात माणूस नव्याने रुजू होतो, तेव्हा त्याला वाय-फायसाठी युजरनेम आणि पासवर्ड मिळतो. आयफोनमध्ये ते भरले की पडद्यावर सर्व्हरचं नाव येतं, त्याखाली लाल अक्षरांत 'नॉट ट्रस्टेड' आणि वर कोपऱ्यात 'ट्रस्ट'. शेजारचा सहकारी सांगतो, "दाबा हो, सगळे दाबतात." सल्ला भल्या मनाने दिलेला असला तरी घातक आहे. मात्र दोष दाबणाऱ्याचा नाही, असा प्रश्न त्याच्यापुढे येऊ देणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

संकेतस्थळाचं नाव कुणाच्या तरी नावे नोंदलेलं असतं. वाय-फायच्या नावाची नोंद कुठेच होत नाही. तुमच्या कार्यालयाच्या नावाचं वाय-फाय फाटकाबाहेरच्या टपरीवर बसून कुणीही सुरू करू शकतो. म्हणून सर्व्हरने दाखवलेलं प्रमाणपत्र, म्हणजे त्याचं डिजिटल ओळखपत्र, अस्सल असलं, तरी हा सर्व्हर याच कार्यालयाचा आहे का, हे फोनला ठरवता येत नाही. तो माणसाला विचारतो, आणि माणसाला उत्तर कुणी सांगून ठेवलेलंच नसतं. तपशील उघडला तर फिंगरप्रिंट म्हणून आकड्या-अक्षरांची लांबलचक ओळ दिसते, पण ती ताडून पाहायला मूळ ओळ हातात हवी ना! चुकीच्या ठिकाणी 'ट्रस्ट' दाबलं तर काय होतं? पासवर्ड तपासण्याची देवाणघेवाण तोतया सर्व्हरशी होते. अनेक ठिकाणी पासवर्डची तपासणी अजून एमएस-चॅप व्हर्जन २ या पद्धतीने होते. २०१२ साली डेफकॉन या संगणक-सुरक्षा परिषदेत मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डेव्हिड हल्टन या संशोधकांनी दाखवून दिलं, की मध्येच पकडलेल्या त्या देवाणघेवाणीतून पासवर्डाइतकीच कामाची किल्ली एका दिवसाच्या आत काढता येते. तोच पासवर्ड बहुतेकदा ईमेललाही चालतो.

कुणी म्हणेल, आमचं वाय-फाय आवाराच्या आत आहे. पण खिशातला फोन आवाराबाहेरही जातो. ओळखीचं नाव दिसलं की तो रेल्वे स्टेशनवरही जोडायला बघतो. तिथे सर्व्हर वेगळा निघाला तर फोन पुन्हा विचारतो. पण ज्याला न वाचता दाबायची सवय लावली, तो तिथे थांबेल कसा?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: नामांकित संस्थेचं प्रमाणपत्र विकत घेतलं की झालं. तसं होत नाही. आयफोन पहिल्यांदा तरीही विचारतोच. शिवाय अशा प्रमाणपत्रांची मुदत २०२० च्या सप्टेंबरपासून ३९८ दिवसांवर आली आणि २०२९ पर्यंत ती ४७ दिवसांवर आणायचं ठरलं आहे. म्हणजे इशारा पुन्हा पुन्हा येणार. आणि मोठ्या नावांच्याही चुका होतात. २०१४ च्या जुलैमध्ये आपल्याच नॅशनल इन्फॉर्मॅटिक्स सेंटरच्या प्रमाणपत्र यंत्रणेतून गुगल आणि याहूच्या नावांची अनधिकृत प्रमाणपत्रं निघाल्याचं उघड झालं. विंडोज त्या यंत्रणेच्या प्रमाणपत्रांवर विश्वास ठेवत असल्याने धोका खरा होता. त्यापेक्षा कार्यालयाने स्वतःचं मूळ प्रमाणपत्र, म्हणजे ज्याच्या आधारे सर्व्हरला प्रमाणपत्र दिलं जातं ते, तयार करावं आणि ते सर्व्हरच्या नावासह एका प्रोफाइलमधून, म्हणजे तयार सेटिंग्जच्या फाइलमधून, प्रत्येक फोनमध्ये बसवावं. मग सर्व्हरचं प्रमाणपत्र बदललं तरी फोन गप्प राहतो, आणि इशारा आलाच तर तो खरा असतो.

लहान कार्यालयांना हे झेपेल का? मूळ प्रमाणपत्र बनवायला पैसे लागत नाहीत. लागतो तो जाणत्या माणसाचा थोडा वेळ. तोवर निदान सर्व्हरचं नाव आणि फिंगरप्रिंट छापून रुजू होण्याच्या कागदांसोबत द्यावं. अँड्रॉइडवाल्यांनी 'यूज सिस्टिम सर्टिफिकेट्स' निवडण्याआधी 'डोमेन'च्या रकान्यात काय भरायचं, हे कार्यालयाकडून विचारून घ्यावं. फोनची तारीख चुकली असेल तर चांगलं प्रमाणपत्रही मुदतबाह्य दिसतं, तेव्हा आधी ती पाहावी. तरीही नाव जुळत नसेल, तर 'कॅन्सल' करून संगणक विभागाला फोन लावावा.