चालती गाडी मधेच का बंद पडते?

शेवगावहून पाथर्डीकडे निघालेली जुनी मोटारसायकल चार-पाच किलोमीटरवर गचके खाऊन बंद पडते, दहा मिनिटांनी एका किकमध्ये सुरू होते आणि पुन्हा तेच. १९८५ साली आलेली सीडी हंड्रेड असो की १९९४ ची स्प्लेंडर, या कार्बोरेटरच्या गाड्या आहेत. त्यांचा बिघाड घरीही बराचसा ओळखता येतो.

ती बंद कशी पडते, हे आधी नीट बघावे. हळूहळू दम तोडत बंद पडली, तर पेट्रोल कमी पडते आहे. बटण दाबल्यासारखी फटकन बंद पडली, तर करंट तुटतो आहे.

बंद पडल्या पडल्या टाकीचे झाकण उघडावे. 'सुस्स' आवाज होऊन हवा आत गेली आणि थोड्या वेळात गाडी सुरू झाली, तर झाकणातले बारीक छिद्र धुळीने बुजले आहे. टाकीत हवा शिरत नाही, म्हणून पेट्रोल खाली उतरत नाही. एवढ्यासाठी कार्बोरेटर खोलून पैसे घालवू नयेत!

छिद्र मोकळे असेल, तर कॉकची जाळी आणि कार्बोरेटरच्या वाटीतला गाळ तपासावा. पेट्रोलमधले इथेनॉल पाणी शोषते. पाणी फार झाले की ते वेगळे होऊन तळाशी साचते.

करंटचा दोष मात्र फसवा. इग्निशन कॉइल किंवा पल्सर कॉइल तापली की ठिणगी जाते, थंड झाली की परत येते. म्हणून प्लगची तपासणी इंजिन गरम असतानाच, पेट्रोलपासून दूर करावी.