अनियमित ऋतु आणि बीजकोशांचा विकार

शिकागो येथील आयर्विंग स्टाइन व मायकेल लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनीं सन १९३५ मध्यें सात स्त्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांची पाळी महिनोन्‌महिने येत नसे. कांहींच्या चेहऱ्यावर राठ केस उगवले होते, कांहींचें शरीर स्थूल झालें होतें. आणि साऱ्यांचेच बीजकोश वाजवीपेक्षां मोठे होते. डॉक्टरांनीं बीजकोशांचा पाचरीसारखा भाग कापून काढल्यावर सातही जणींचा ऋतु पूर्ववत्‌ सुरू झाला व दोघींना दिवस गेले. ती शस्त्रक्रिया आज मागें पडली असून तिचें काम बव्हंशीं औषधें करितात. विकार मात्र पीसीओएस या आद्याक्षरांनीं घरोघर ठाऊक झाला आहे.

ठाऊक झाला, पण समजला असें नव्हे. बीजकोशांत ‘गांठी’ आहेत असें ऐकतांच घरांतील मंडळींच्या मनांत कर्करोगाची शंका येते. वस्तुतः त्या गांठीच नव्हेत. दर महिन्यास बीजांच्या कांहीं पुटिका वाढूं लागतात व त्यांतील एक पक्व होऊन बीज बाहेर पडतें. या विकारांत ती वाढ अर्ध्यावर थांबते आणि अपक्व पुटिका तशाच सांचून राहतात. पुष्कळ जणींत इन्शुलिनचें कार्य मंदावलेलें असतें. तें भरून काढण्यासाठीं शरीर अधिक इन्शुलिन निर्माण करितें, आणि त्याच्या चेतावणीनें बीजकोशांतून पुरुषी अंतःस्राव जास्त पाझरतो. सडपातळ मुलींनाही यांतून सूट नाहीं.

निदानाची कसोटी २००३ मध्यें रॉटरडॅम येथें ठरली: अनियमित ऋतु, पुरुषी स्रावाचें आधिक्य, व सोनोग्राफींत दिसणाऱ्या अनेक पुटिका, या तिहींपैकीं कोणत्याही दोन. अर्थात्‌ थायरॉइड, प्रोलॅक्टिन व अधिवृक्क ग्रंथि यांचे दोष आधीं वगळावे लागतात. विवाहितेच्या बाबतींत गर्भधारणा तर सर्वांत आधीं.

परंतु पंधरा वर्षांच्या मुलीस ही कसोटी जशीच्या तशी लावणें हा अन्याय होय. नहाण आल्यानंतर कांहीं वर्षें ऋतु अनियमित असणें व पुटिका पुष्कळ दिसणें स्वाभाविकच असतें. म्हणून २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनाप्रमाणें अशा मुलींत पहिलीं दोन्ही लक्षणें असल्यावांचून निदान करूं नये, आणि पहिलीं आठ वर्षें निदानासाठीं सोनोग्राफीचा आधार घेऊं नये. केवळ एका चित्रावरून ‘हिला मूल होणार नाहीं’ असा शिक्का मारून आईची झोंप उडवणारे कमी नाहींत! खरें पाहतां उपचारांनीं बहुतेकींना अपत्यप्राप्ति होते.

उलट पक्षीं, लग्न जुळेपर्यंत ही गोष्ट झांकून ठेवण्याची रीतही घातकच. तीन महिने पाळी न आल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावाच. कारण गर्भाशयाचें अस्तर वर्षानुवर्षें सांचत राहिल्यास पुढें त्याच्या कर्करोगाचा संभव वाढतो. मधुमेहाचें भयही असतेंच. त्यासाठीं उपाशीपोटीं व ७५ ग्रॅम ग्लुकोज घेतल्यावर दोन तासांनीं रक्त तपासतात. डॉक्टरांकडे जातांना गेल्या वर्षभरांतील पाळीच्या तारखा लिहून न्याव्या. पुष्कळदां पहिला प्रश्न त्यांविषयींच असतो.