अँड्रू मिनार्स्की : एका गनरची आठवण

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेले भाषण)



दुसऱ्या महायुद्धातील व्हिक्टोरिया क्रॉस म्हटले की आपल्याला मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे आठवतात. १० जुलै १९४४ रोजी इटलीत त्यांना वीरमरण आले. त्याच्या महिनाभर आधी फ्रान्समध्ये एक बाँबफेकी विमान पडले. त्यातील एका जवानाविषयी आज बोलणार आहे.

अँड्रू मिनार्स्कीचा जन्म १९१६ साली कॅनडातील विनिपेग येथे झाला. आईवडील पोलंडहून येऊन स्थायिक झालेले, म्हणजे आपल्यासारखेच गाव सोडून आलेले. वडील लवकर वारले, तेव्हा त्याने चामड्याच्या कामावर जाऊन घराला हातभार लावला. १९४१ मध्ये तो कॅनडाच्या हवाई दलात भरती झाला आणि लँकेस्टर विमानावर गनर झाला. विमानात एकूण सात जण. शेपटीकडचा गनर पॅट ब्रॉफी हा त्याचा जिवलग मित्र.

१२ जूनच्या रात्री ते कांब्रे येथील रेल्वे यार्डावर निघाले. नॉर्मंडीत दोस्त सैन्य उतरून सहा दिवस झाले होते. जर्मन कुमक रोखायची होती. निघण्यापूर्वी गवतात सापडलेले चार पानांचे क्लोव्हर अँड्रूने पॅटला दिले. तिकडे ते शुभ मानतात.

वाटेत जर्मन लढाऊ विमानाने गाठले. डावी दोन्ही इंजिने बंद पडली, आग लागली. कप्तानाने उड्या मारण्याचा हुकूम दिला. अँड्रू दारापाशी पोहोचला, तोच त्याला दिसले की पॅट आपल्या कोठडीत अडकला आहे. तो आगीतून रांगत गेला. कुऱ्हाडीने, मग नुसत्या हातांनी धडपडला. कपडे पेटले होते. पॅटनेच त्याला हाताने जायला सांगितले. अँड्रू तोंड त्याच्याकडेच ठेवून मागे सरकत गेला, दारात उभा राहिला, सलाम केला आणि उडी मारली. पॅराशूटही पेटले होते. भाजल्यामुळे तो वारला.

आणि पॅट? विमान आदळले, पण तो बाहेर फेकला गेला आणि वाचला! बाकीचे पाचही वाचले. पॅटने परतल्यावर जे सांगितले, त्यावरून १९४६ मध्ये अँड्रूला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

मित्रहो, ब्रिटिश बॉम्बर कमांडचे पंचावन्न हजारांहून अधिक जवान त्या युद्धात गेले. त्यांत असे आणखी किती असतील! पण सांगायला कोणी उरले नाही. पॅट उरला, म्हणून आपल्याला अँड्रू ठाऊक आहे.

आपल्या वसाहतीतही सैन्यातून निवृत्त झालेली ज्येष्ठ मंडळी आहेत. ती स्वतःविषयी बोलत नाहीत. पण गेलेल्या सोबत्याविषयी विचारले तर बोलतील. मुलांनो, त्यांच्याजवळ बसा, ऐका, लिहून काढा. पुढील स्मरणिकेत त्यासाठी चार पाने राखून ठेवावीत, अशी मंडळाला नम्र विनंती करतो आणि आपली रजा घेतो.

गणपती बाप्पा मोरया!