पाच हजारांत पाचशे बॅकलिंक: घ्यायच्या का?

तर मंडळी, गुहागरला होमस्टे चालवणाऱ्या माझ्या मावसभावाला ऑफर आली: पाच हजारांत पाचशे बॅकलिंक, सगळ्या 'डीए ५०'च्या वरच्या. म्हणाला, "दादा, घेऊ का?" म्हटलं, आधी साइट्सची यादी माग.

कारण डीए हा आकडा मॉझ कंपनीचा, गूगलचा नाहीच. १९९८ च्या मूळ पेजरँकचा हिशोब बघा: लिंक देणाऱ्या पानाला स्वतःला कोण लिंक देतंय, आणि ते पान आणखी किती जणांना वाटतंय. एकाच पानावर तीनशे लिंक असतील तर तुमच्या वाट्याला चिमूटभर.

यादी आली. कसिनो, कर्जाची ॲप्स, आणि मध्येच आमचा होमस्टे! असल्या लिंकना आळा घालायलाच २०१२ मध्ये पेंग्विन अपडेट आलं. आता गूगल बहुतेकदा त्या मोजतच नाही, म्हणजे पैसे पाण्यात. फारच अति केलंत तर मॅन्युअल ॲक्शन, आणि मग सर्चमधून साइट गायबसुद्धा होऊ शकते. सीझनच्या तोंडावर हे परवडेल?

मी एकच बघतो: त्या लिंकवरून खरा माणूस येईल का? कोकण फिरून आलेल्या एखाद्याच्या लेखातली एक लिंक मला त्या पाचशेंपेक्षा जड वाटते.

भाऊ सध्या गुहागरच्या किनाऱ्यावरच्या कासवांवर पान लिहितोय. फोटो त्याचेच आहेत, शुद्धलेखन मी तपासतोय.