एक संत, चार नावे

जुहूला एसएनडीटी महिला विद्यापीठाचे आवार आहे. मुलींना मातृभाषेतून उच्च शिक्षण मिळावे म्हणून महर्षी कर्व्यांनी १९१६ साली हे विद्यापीठ काढले. अशा विद्यापीठांतून मराठी प्रबंध जमत गेले. २००९ साली विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमाने पीएच.डी.च्या प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे बंधनकारक झाले. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने उभारलेल्या ‘शोधगंगा’वर असे प्रबंध आता कुणालाही घरबसल्या वाचता येतात. कपाट उघडले खरे. पण आत काय आहे ते कसे कळायचे?

जुने प्रबंध स्कॅन केलेले, म्हणजे पानांचे नुसते फोटो. त्यानंतरचे संगणकावर टंकलेले, पण बरेचसे युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये. पडद्यावर ‘अ’ दिसतो, आत भलतेच रोमन चिन्ह साठवलेले असते. शोधायला ‘ओवी’ टाकावी तर उत्तर शून्य, आणि प्रबंध सगळा ओव्यांवरच!

इथे कृत्रिम बुद्धिमत्ता खरोखर उपयोगी पडते. शिरोरेघेखाली चिकटलेली, पुसट झालेली जोडाक्षरे ती आजूबाजूचे शब्द पाहून ओळखते. विषयही सुचवते. फिनलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने त्यासाठी ‘अॅनिफ’ नावाची प्रणाली तयार केली आणि ती सर्वांना खुली ठेवली. यंत्राने विषय सुचवावेत, ग्रंथपालाने ते तपासावेत, ही रीत मला पसंत आहे.

कारण यंत्र शिकते ते आपल्याच जुन्या नोंदींवरून. श्रीगोंद्याचे संतकवी, ‘योगसंग्राम’कार शेख महंमद घ्या. कुठे महंमद, कुठे महमद, कुठे मुहम्मद, आणि रोमन लिपीत आणखी निराळेच. ही सारी नावे एकाच माणसाची, हे जाणत्या ग्रंथपालाने एकदा नोंदवून ठेवले, तर यंत्र सगळे साहित्य क्षणात एका जागी आणील. नाही नोंदवले, तर एक संत चौघांत वाटला जाईल. किंवा त्याच नावाचा दुसरा कुणी त्यांच्या पदरात पडेल!

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. एका ग्रंथालयाच्या यादीत माझा मराठी कवितासंग्रह उर्दूत गेला होता. ड्युई पद्धतीत मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६, उर्दूचा ८९१.४३९. नोंद करणाऱ्याने पुस्तक उघडलेच नसावे. मुखपृष्ठावरचे नाव वाचले आणि क्रमांक टाकला. उर्दूशी माझे भांडण नाही, घरात तीही बोलली जाते. पण मराठी कविता शोधणाऱ्या विद्यार्थिनीला ते पुस्तक सापडणार कसे? माणसाच्या हातून हे एका पुस्तकापुरते झाले. यंत्राने हीच सवय उचलली, तर एका रात्रीत हजारो नोंदी तशा होतील, आणि त्या नीटनेटक्या दिसतील म्हणून कुणी तपासणारही नाही.

म्हणून माझे मागणे साधे आहे. यंत्राने केलेल्या नोंदीवर तशी खूण असावी. वाचकाला ‘हे चुकले आहे’ म्हणून कळवायची सोय त्याच पानावर असावी. आणि ते वाचून दुरुस्ती करायला मराठी जाणणारा एक तरी ग्रंथपाल पगारावर असावा. यंत्र घेतले म्हणून त्याची जागा रिकामी ठेवू नये.