बंदिस्त बागेंतील हवा

शहाद्याहून तोरणमाळकडे जाणारा रस्ता म्हसावदवरून पुढें सातपुड्यांत शिरतो. नंदुरबार जिल्ह्याच्या या भागांत पपई, केळी, ऊस, कापूस, मिरची अशीं पिकें होतात. पीक चांगलें यावयास काय हवें, असें तेथील कोणाही शेतकऱ्यास विचारलें, तर तो पाणी, खत व बियाणें यांचीं नांवें घेईल. हवेचें नांव त्याच्या तोंडीं सहसा यावयाचें नाहीं. जी वस्तु विकत आणावी लागत नाहीं, तिचा हिशेब कोण ठेवणार? परंतु वनस्पतीच्या सुक्या वजनांत शंभरांतले चाळीस किंवा त्याहून अधिक भाग कार्बन असतो, आणि हा कार्बन मातींतून नव्हे, तर हवेंतून येतो.

हिरवीं पानें केवळ सूर्यप्रकाशांतच हवा शुद्ध करतात, हें यान इंगेनहौस यानें 1779 सालीं दाखविलें. पुढें 1804 सालीं द सोस्यूर यानें मोजमाप करून सिद्ध केलें कीं, वनस्पति हवेंतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेते व त्यांतील कार्बनानें आपला देह बांधते. जुन्या मराठी पुस्तकांतला कर्बाम्ल वायु तो हाच. हवेंत त्याचें प्रमाण अत्यल्प असतें. यंत्रयुगापूर्वीं हवेच्या दहा लक्ष भागांत तो सुमारें 280 भाग होता. आज तो 420 हून अधिक आहे.

उघड्या शेतांत वारा वाहतो व पानांनीं घेतलेल्या वायूची भरपाई लागलीच होते. बंद कांचगृहाची गोष्ट निराळी. थंड देशांत हिंवाळ्यांतील उन्हाच्या दिवशीं झरोके मिटलेले असतां आंतील झाडें हा वायु इतक्या झपाट्यानें संपवितात कीं, त्याचें प्रमाण 200 च्याही खालीं उतरूं शकतें. ताट समोर असावें, पण त्यांत अन्न नसावें, तशी मग त्या झाडांची स्थिति होते. यावर उपाय म्हणून तेथील बागाईतदार हा वायु बाहेरून आणून आंत सोडतात व त्याचें प्रमाण 800 ते 1000 पर्यंत नेतात. टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची यांचें उत्पन्न त्यायोगें शेंकडा वीस-तीस वाढूं शकतें. हॉलंडमध्यें तर 2005 सालापासून रॉटरडॅमनजीकच्या पेर्निस येथील तेलशुद्धीच्या कारखान्यांतला हा वायु नळांवाटे कांचगृहांना पुरविला जाऊं लागला.

मग हेंच म्हसावदला कां करूं नये? पैसा गुंतविण्यापूर्वीं थोडें गणित केलेलें बरें. दहा गुंठ्यांचें एक हरितगृह घ्यावें; त्याची सरासरी उंची चार मीटर धरावी. त्यांतील सगळ्या हवेंत हा वायु अवघा तीन किलो भरतो. तो 420 वरून 1000 वर नेण्यास आणखी सुमारें चार किलो पुरे. हिशेब मोठा स्वस्त दिसतो! परंतु खानदेशच्या उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांवर चढतो. अशा दिवसांत पीक करपूं नये म्हणून पंखे लावून हरितगृहांतील हवा मिनिटा-मिनिटाला पालटावी लागते. म्हणजे ते चार किलो मिनिटाभरांत बाहेर गेले! तासाला अडीचशे किलो वायु विकत घेऊन सातपुड्याच्या वाऱ्यास दान करावयाचा, असा हा व्यवहार होतो. तेथें मोकळा झरोका हाच पिकास कार्बन पुरविण्याचा स्वस्त मार्ग होय. थंडीच्या दिवसांत रात्रभर झाडांच्या श्वासानें व मातींतील शेणखताच्या कुजण्यानें सांचलेला वायु सकाळीं पिकास आपसूक मिळतो, तो निराळाच.

शिवाय सर्वच पिकांना या खुराकाचा सारखा लाभ होत नाहीं. ऊस, ज्वारी, मका यांच्या पानांत हा वायु गोळा करून ठेवण्याची जन्मजात सोय असते. त्यांना वाढीव वायूचें फारसें अप्रूप नाहीं. पपई, कापूस, मिरची यांना तें आहे. पण पाणी, खत व उजेड पुरेसा असेल तरच. शहरांतील घरांत कुंड्या ठेवणारांनींही हें ध्यानांत घ्यावें. माणसें निजलेल्या बंद खोलींत हा वायु त्यांच्या श्वासानेंच पुष्कळदां हजारावर जातो. कुंडींतलें रोप रोडावतें तें बहुधा उजेडाच्या उणिवेनें. त्यासाठीं वायूची नळकांडी आणण्यापेक्षां कुंडी खिडकीशीं सरकवावी.

आणि हा वायु घरांत आणण्याची वस्तु नव्हेच. तो हवेच्या सुमारें दीडपट जड असून खालीं सांचतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. सांगलीजवळच्या हरिपूरच्या हळदीच्या पेवांची एके काळीं मोठी ख्याति होती. पेव उघडल्याबरोबर त्यांत कोणी उतरत नसे. आंतली हवा आधीं निघून जाऊं देत. दहा लक्ष भागांत 5000 हून अधिक वायु असेल, तेथें माणसानें दिवसभर काम करूं नये, असा कारखान्यांतील दंडक आहे. 40000 पर्यंत तो गेला तर जिवावर बेततें. दिवा विझला तर आंत उतरूं नये, हें खरें. परंतु दिवा जळत आहे म्हणून भय नाहीं, असें मात्र समजूं नये. कोळसा किंवा रॉकेल जाळून हा वायु करूं गेल्यास अर्धवट ज्वलनानें निघणारा कार्बन मोनॉक्साइड त्याहूनही घातक ठरतो.

जगाच्या हवेंतच हा वायु वाढत आहे, तेव्हां पिकांची चंगळच होईल, असेंही कोणी म्हणतात. परंतु 2014 सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांवरून दिसून आलें कीं, वाढीव वायूंत पिकलेल्या गव्हांत व तांदुळांत लोह आणि जस्त कमी भरतें. दाणा वाढला, पण त्यांतला कस उतरला, तर त्या भरभराटीचें काय करावयाचें? कोठारांतील माप वाढल्यानें घरांतील मुलांचें पोषण वाढतेंच असें नाहीं.

म्हणून म्हसावदच्या बागाईतदारानें यंत्र विकणाराचें ऐकण्यापूर्वीं आपला झरोका पाहावा, आपलें ऊन पाहावें आणि मग आपल्या पिकाकडे पाहावें. हवा हेंही खत आहे, हें खरेंच. पण खत कोणतेंही असो, तें कुंपणाच्या आंत राहात असेल, तरच त्यावर पैसा खर्चावा.