प्लगची मालकी

विजेच्या मोटारीचा प्लग ही वरकरणी क्षुल्लक वस्तू. परंतु त्याच्या आकारावर मालकी कोणाची, हा प्रश्न क्षुल्लक नाही. जपानी मोटार व वीज कंपन्यांनी २०१० साली 'चाडेमो' संघटना स्थापली; युरोप-अमेरिकेतील कंपन्यांनी 'सीसीएस' आणले; टेस्लाने आपली चूल वेगळी मांडली. कूळ जसे एकाच सावकाराच्या दारी, तसा ग्राहक एकाच जातीच्या खांबाशी बांधला गेला.

दोन प्रमाणांना चालेल असा जोड घडवणे म्हणजे केवळ पिना जुळवणे नव्हे. किती व्होल्ट, किती अँपियर हवेत हे गाडी आणि चार्जर आधी एकमेकांना सांगतात; मगच वीज वाहते. चाडेमोत हा संवाद स्वतंत्र संदेशतारांवरून चालतो, सीसीएसमध्ये नियंत्रणतारेवरच उच्च वारंवारितेचे संकेत चढवले जातात. त्यामुळे या दोहोंमध्ये दुभाष्याचे काम करणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणाच बसवावी लागते. टेस्लाने २०२२ मध्ये खुले केलेले प्रमाण मात्र सीसीएसच्याच भाषेवर बेतलेले. तेथे अडॅप्टर पुष्कळच साधा होतो. तापणे आणि कुलूप यांची चिंता तेवढी उरते.

युरोपीय संघाने २०१४ च्या निर्देशाने सार्वजनिक जलद चार्जरवर 'कॉम्बो २' ची सोय सक्तीची केली. कंपन्यांना हे शहाणपण आपसूक सुचले नव्हते! भारतात २०२३ मध्ये मानक ब्यूरोने हलक्या वाहनांसाठी एसी-डीसी दोन्ही चालणाऱ्या जोडाचे प्रमाण मंजूर केले. नगरपालिकांच्या चार्जिंग-निविदांत त्याची अट घातली जावी, ही मागणी रिक्षा संघटनांनी आताच लावून धरावयास हवी.